हातभर हिरवं कापड

औरंगाबाद,
१० जुलै २०१६

प्रिय बद्री,

इतके दिवस लिहिलं नाही, याची आधी माफी मागते. कारणं पुष्कळ देता येतील. बोर्डाचे पेपर तपासायचे होते, मग उन्हाळा, मग पाण्याची ओरड. सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही खरं कारण नाही. मार्चमध्ये तुमच्या ब्रुसेल्सला मेट्रोत स्फोट झाला, तू मागून येणाऱ्या गाडीत होतास आणि वाचलास. पुढं तू घरच्या ग्रुपवर जे पाठवू लागलास त्याचा मला राग आला. मग तू ग्रुपच सोडलास. ज्या भावाचा आवाज ऐकेपर्यंत मी देव्हाऱ्यासमोरून उठले नव्हते, त्याचाच राग यावा याची मला लाज वाटली. लाज वाटली की माणूस लिहीत नाही. फोन तू मध्येच तोडतोस. कागद निदान पूर्ण बोलू देतो.

वर सवयीनं औरंगाबाद लिहिलंय. तू हल्ली संभाजीनगर लिहितोस. बाबाही कधी कधी तसं म्हणायचे. एका शब्दावरून पत्र बाजूला ठेवू नकोस, एवढंच.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय का, ते लिहून काढते. दिवाळीला तुम्ही तिघं येणार. त्याआधी वरचा मजला मोकळा झाला पाहिजे. डोक्यावर ती माणसं चालत असताना तुला आपल्या घरात झोप लागणार नाही. त्यांना हलवलं नाही तर तुझा अर्धा हिस्सा तू बिल्डरला देशील आणि पुन्हा इकडं येणार नाहीस. बरोबर ना? ‘ती माणसं’ हा शब्द तुझा आहे, मी बदललेला नाही.

मी अजून वर कय्युमभाईंना काही सांगितलेलं नाही. रोजे चालू होते, सणात असलं बोलू नये, असं मी स्वतःला समजावलं. आता ईद होऊन गेली. दुसरा सण येईपर्यंत थांबायचं की काय, असं स्वतःला विचारते आणि डायरी मिटून ठेवते.

ईदच्या दिवशी खालांनी लेकाच्या, कय्युमभाईंच्या हाती शीरखुर्मा पाठवला नाही, वरून स्वतः घेऊन आल्या. कठडा धरून एकेक पायरी. गुडघे आता फारच धरलेत. जैतुनबी म्हटलं की मला कुणीतरी परकी बाई वाटते. मी लहानपणापासून खालाच म्हणते आणि तूही म्हणायचास. वाटी ठेवली आणि नेहमीचंच सुरू.

‘‘बद्रीची काय खबर?’’

‘‘बरा आहे.’’

‘‘येक इचारू का? पोचल्यावर त्यानं इमाम जामिन सोडला व्हता न?’’

तुला आठवतं का? आठ वर्षांपूर्वी तू निघालास तेव्हा जिन्यात थांबवून त्यांनी तुझ्या उजव्या दंडाला हिरव्या कापडाची पट्टी बांधली होती. आत रुपयाचं नाणं शिवलेलं, वरून काळ्या दोऱ्यानं काढलेली उर्दू अक्षरं. आई गमतीनं म्हणाली होती, ‘‘आता विमानाला पण तुमचाच धाक.’’ प्रवासाला जाणाऱ्याला मागं राहणाऱ्यानं बांधायचं, सुखरूप पोचला की त्यानं ते सोडायचं आणि आतलं नाणं गरिबाला द्यायचं, म्हणजे सदका. हे मला माहीत होतं. तुला कुणी नीट सांगितलं होतं का, ते माहीत नाही.

मी म्हटलं, ‘‘हो खाला, दिला की त्यानं.’’

‘‘कुनाला?’’

‘‘स्टेशनबाहेर एक म्हातारा बसला होता, त्याला.’’

‘‘गोरा व्हता?’’

‘‘हो, गोरा.’’

केवढ्या हसल्या. ‘‘गोऱ्याला सदका! बघ द्वारका, इंग्रज गेला अन आता आमच्या रुपयावर जेवला!’’ डोळे पुसून झाले आणि मग हळूच म्हणाल्या, ‘‘मार्चपासून जिवाला घोर लागला व्हता गं. सदका बाकी ऱ्हायला की बला मागं फिरती म्हनतात. म्हनलं, माझंच कायतरी चुकलं आसंल.’’

त्या स्फोटाचा हिशेब त्या चार महिने स्वतःच्या नावावर मांडून बसल्या होत्या. मी खोटं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. पण खरं काय ते मला कळव. ती पट्टी तू कधी सोडलीस?

अक्का


२४ जुलै

प्रिय बद्री,

फ्रान्समध्ये नीसला कुणीतरी गर्दीवर ट्रक घातला, त्यानंतर तुझा फोन आला. मी पट्टीबद्दल विचारल्यामुळं आला, असं तू म्हणालास. तू भरभर बोललास आणि ठेवून दिलास. मी लगेच डायरीत उतरवून घेतलं. तेच इथं लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर, कारण ही गोष्ट मला अर्धवट माहीत असून चालणार नाही.

स्फोटानंतरच्या आठवड्यात तू पुन्हा ऑफिसला जायला लागलास. स्टेशनच्या दारात बंदूकवाले सैनिक उभे होते. तुझी दाढी वाढलेली होती, झोप नव्हती, म्हणून करायचं राहून गेलं होतं. त्यांनी तुझी बॅग उघडली. आतल्या कप्प्यात ती हिरवी पट्टी निघाली. तू ती कधी सोडलीच नव्हतीस. आठ वर्षं एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत ठेवत आला होतास.

त्यांनी विचारलं, यावर काय लिहिलंय. तुला वाचता येत नव्हतं. तुला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, मग एका चौकीवर नेलं. तुझ्या ऑफिसातला एक माणूस समोरून गेला, त्यानं तुला ओळखलं आणि मान वळवली. पट्टी कुणी बांधली, त्यांचं नाव काय, मुलाचं नाव काय, राहतात कुठं. पत्ता तू आपल्याच घराचा दिलास, दुसरा कुठला देणार? तू मुसलमान आहेस का, असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. तू सांगितलंस, माझं नाव बद्रीनाथ आहे, ते तीर्थाचं नाव आहे. त्यांना त्याचं काय? मग तू फोनमधला आपल्या महालक्ष्म्यांचा फोटो दाखवलास. मुखवटे, साड्या, फुलोरा, आई आणि मी. कडेला जिन्याच्या पायरीवर खाला बसलेल्या. डोक्यावरून ओढणी. त्यातल्या एकानं बोट ठेवून विचारलं, ही कोण?

तू म्हणालास, ‘‘कोणी नाही.’’

इथं तू थांबलास. तुझं ते दाबलेलं रडणं मी आई गेली तेव्हा ऐकलं होतं, नंतर कधी नाही. संध्याकाळी तुला सोडलं, माफीही मागितली. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली. तिचं तू पुढं काय केलंस, ते सांगितलं नाहीस.

मी विचारलं, मग तुझा राग कुणावर आहे? तू म्हणालास, ‘‘त्यांच्यामुळं झालं हे सगळं.’’ कुणामुळं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि तुझ्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं.

बद्री, मी तुझ्याशी वाद कसा घालू? मी नववीच्या वर्गात युरोपचा नकाशा टांगते, नद्या आणि राजधान्या विचारते. मी त्या बोगद्यातल्या धुरात चालले नाही, भिंतीवर हात ठेवून उभी राहिले नाही. माझ्याकडं बरोबर असलेलं एखादं वाक्य असेलही, पण ते म्हणायचा अधिकार मला वाटत नाही. आणि तुझी भीती खरी आहे म्हणून तू काढलेला अर्थ खरा ठरतो, असंही मला वाटत नाही. या दोन्हीच्या मध्ये मी बसलेय.

तुला दोष देत नाही, हे खरंच आहे का, ते तपासून पाहिलं. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर नानासाहेब भेटले. आपले समोरचेच. तू पाठवलेलं सगळं त्यांनी पुढं गल्लीभर पाठवलंय. म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या बद्रीनं तिथं डोळ्यानं पाहिलंय. अन तुम्ही मात्र डोक्यावर घेऊन बसलात. वर कोण हाय सध्या?’’ वर कोण आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मला तोंडून वदवायचं होतं. मी म्हटलं, ‘‘जुने भाडेकरू आहेत,’’ आणि भाजीची पिशवी सावरत आत आले.

मला तर कुणी भिंतीला उभं केलं नव्हतं.

अक्का


११ सप्टेंबर

प्रिय बद्री,

काल महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. यंदा फोटो काढला नाही. काढायला फोन उचलला आणि खालांनी आपोआप ओढणी नीट केली, तेव्हा हात चालेना. बॅटरी संपली म्हणाले. त्या नेहमीच्या पायरीवर बसून धाकटीच्या साडीवर टीका करत होत्या. ‘‘तुमच्या लक्ष्मीला पदर जरा वर घ्यायला सांगा गं. मान्सं येनार दर्शनाला.’’ दरवर्षी तोच विनोद आणि दरवर्षी आम्ही हसतो.

संध्याकाळी कय्युमभाई खाली आले. दुकानातून थेट, हाताला पाण्याच्या मोटारीला लावतात त्या वार्निशचा वास. खुर्चीवर बसले नाहीत.

‘‘ताई, बद्रीभाऊचा मेसेज आला. विंग्रजीत हाय. पोरीकडून वाचून घेतला.’’

मी पुन्हा खुर्ची पुढं केली.

‘‘तुमाला म्हाईत व्हतं?’’

‘‘हो.’’

‘‘कवापासून?’’

‘‘ईदच्या आधीपासून.’’

‘‘मंग सांगायचं न, ताई. आमी काय कोर्टात गेलो आसतो व्हय?’’

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तू मला न सांगता त्यांना परस्पर लिहिलंस याचा मला राग यायला हवा होता. पण जे मला जमत नव्हतं ते तू केलंस. मी म्हटलं, थांबा, मी बद्रीशी बोलते. ते म्हणाले, ‘‘काय बोलनार? त्यो भेलाय. मी पन भेलोय. दुकानात गिऱ्हाईक मोटार ठिवतं अन इचारतं, कय्युम, तुमच्या लोकांनी तिकडं काय केलं. मी म्हनतो, सायेब, मी करमाडच्या पल्याड गेलो न्हाई, मला काय इचारता? हासतेत. मी पन हासतो. पर मोटार नेताना पुन्ना तेच इचारतेत.’’

जागा त्यांनी बघूनही ठेवली होती. शहराच्या त्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. खालांना तीन जिने चढवणार नाहीत, म्हणून खाला सिल्लोडला, भाच्याकडं.

‘‘त्यांना काय सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘काय सांगनार? बद्रीभाऊ येनार, लेकरू घिऊन, जागा लागती म्हनलं. तर अम्मी म्हनली, येऊ दे न लेकराला. आपलंच घर हाय. आपन सरकू.’’

कय्युमभाई वर गेले. आता जे लिहिते ते खोडणार होते, पण ठेवते. ते ‘आम्ही जातो’ म्हणाले तेव्हा पहिल्यांदा मला हलकं वाटलं. सुटलो, असं. आता तुझ्याशी भांडण नाही, नानासाहेबांना उत्तर द्यायला नको, बिल्डर नको. ते किती वेळ टिकलं माहीत नाही, पण आलं.

अर्धं घर माझं आहे, बद्री. मी ‘नाही’ म्हणू शकले असते. म्हटलं असतं तर तू हिस्सा विकला असतास, बिल्डरनं सगळ्यांनाच काढलं असतं, आणि तू परत आला नसतास. हे सगळं मी नीट मांडून पाहिलं. मांडणी बरोबर आहे. पण बरोबर मांडणी करण्यापलीकडं मी काही केलं नाही.

अक्का


२ ऑक्टोबर

प्रिय बद्री,

तुझी मेल मिळाली. ‘बरं झालं, वाद न होता मिटलं. त्यांना सांग, यात व्यक्तिगत काही नाही.’ हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

वरच्या खोल्या जवळजवळ मोकळ्या झाल्यात. कय्युमभाईंचा टेम्पो दोनदा जाऊन आला. खाला परवा सकाळी सिल्लोडला निघतील. आज सुटी होती म्हणून मी वर मदतीला गेले. खिडकीत त्यांचं शिवणाचं डबडं होतं, तेवढंच राहिलेलं. त्यातून त्यांनी एक हिरवी पट्टी काढून माझ्या हातात दिली. नवी. काळ्या दोऱ्यानं अक्षरं, थोडी वाकडी आलीत, त्यांना नीट दिसत नाही आता.

‘‘बद्री दिवाळीला येनार, मंग परत बी जानार. तवा मी नसंल हितं. तूच बांध. उजव्या दंडाला, ध्यानात ठिव.’’

मी ती हातात धरून बसले. तू विमानतळावर बॅग उघडून देतोयस, असं डोळ्यांसमोर आलं. आणि मला आणखी खोटं बोलवेना.

म्हटलं, ‘‘खाला, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. त्यानं तो सोडला नव्हता. गोरा म्हातारा वगैरे काही नाही. आठ वर्षं जपून ठेवलाय, बॅगेत.’’

मला वाटलं, आता सदका बाकी राहिला म्हणून घाबरतील.

‘‘जपून ठिवला?’’

‘‘हो.’’

‘‘आठ साल?’’

‘‘हो.’’

‘‘येडं लेकरू!’’ म्हणाल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. ‘‘आगं, त्यो ठिवायचा नसतो. सोडायचा आसतो. येवढी माया लावती व्हय कुनी रुपयाला? कय्युम, आरं ऐकलं का, बद्रीनं माझा इमाम जामिन आठ साल जपला!’’

कय्युमभाई दोरी बांधत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना चौकीचं काही माहीत नाही, पण मेसेज माहीत आहे. ते म्हणाले, ‘‘आसं का अम्मी,’’ आणि पुन्हा गाठ मारू लागले.

बाकीचं मी सांगितलं नाही. पायरीवरच्या त्या फोटोचं तर नाहीच. पण बद्री, जे सांगितलं तेही खरंच आहे ना? तू ती पट्टी कुणाच्या भीतीनं ठेवली नव्हतीस. तिथं एकटा असताना तुला ती टाकवली नव्हती. आता टाकली असशील तरी आठ वर्षं टाकवली नव्हती. हे मला तुला विचारायचंय आणि तू उत्तर देणार नाहीस.

मग त्या स्वतःहून बोलायला लागल्या. सिल्लोडला, माहेरच्या मुलखात परत जायचं म्हणून असेल. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी त्या पाचसहा वर्षांच्या होत्या. आपली आजी रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून पळाली होती, त्यानंतरच्याच वर्षातली गोष्ट, फक्त आता पळायची पाळी यांच्यावर आलेली. आजीची आपण किती वेळा ऐकली. खालांची मी इतक्या वर्षांत कधी विचारली नव्हती.

‘‘गाडी जुपली व्हती. आई म्हनली, बिगर इमाम जामिनचं कुनी निघायचं नाय. शिवायला येळ कुठला? तिनं आंगावरच्या हिरव्या ओढनीचा काठ फाडला अन समद्यांच्या दंडाला बांधला. मला, भावाला, आजीला. अब्बा म्हनले, मी वाट मोकळी हाय का बघून येतो. आई म्हनली, थांबा, बांधते. ते म्हनले, आलोच की. नुस्तं वेशीपस्तोर तर जातो.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय? आमी पोचलो.’’

डबडं बंद केलं. वडिलांबद्दल त्या पुढं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आईनं नंतर तो उरलेला तुकडा कुणाला दिला नाही, एवढं म्हणाल्या.

खाली येताना मी कय्युमभाईंना विचारलं, ‘‘परवा खालांना कोण बांधणार?’’

‘‘काय?’’

‘‘इमाम जामिन.’’

‘‘ताई, सिल्लोड तर हाय. एस्टीनं सकाळी निघलं की जेवायला पोचती. त्याला कोन बांधतंय आता?’’ मग म्हणाले, ‘‘अन जानाऱ्याला मागं ऱ्हानाऱ्यानं बांधायचा आसतो. आमी तर समदेच निघालो.’’

मागं राहणारी मी एकटीच आहे.

तुझी नवी पट्टी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलीय. दिवाळीत तुला दाखवेन. घ्यायची की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. वरच्या खोल्या मी झाडून ठेवीन. रात्री डोक्यावर कुणी चालणार नाही. तुला झोप लागावी, असं मी मनापासून लिहितेय.

खालांच्या डबड्यात हिरवं कापड उरलेलं नाही, सगळं तुझ्या पट्टीत गेलं. काळा दोरा आहे माझ्याकडं. अक्षरं मला येत नाहीत, कोरीच शिवेन.

अक्का

उद्या : शाळा सुटल्यावर गुलमंडीवरून हिरवं कापड आणणे. हातभर पुरे.